चाकाचा तोल, प्रवासाचा भरवसा

वर्धा जिल्हा आणि चाक यांचे नाते जुने आहे. १९३४ साली वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्य सुरू झाले, १९३६ साली महात्मा गांधी सेवाग्रामी वास्तव्यास आले आणि १९३८ साली मगन संग्रहालय उघडले. या सर्व काळात चरख्याचे चाक येथे केवळ फिरले नाही, तर अभ्यासिलेही गेले. चरखा चालविणाऱ्यास एक गोष्ट शिकवावी लागत नाही. चाती किंचित वाकली किंवा चाक डळमळू लागले की सूत तुटते. बैलगाडीवाल्यासही ठाऊक असते की तुंबा झिजला, एखादा आरा सैल झाला वा लोखंडी धाव एका बाजूस ढिली पडली, तर गाडी झोके घेऊ लागते. मात्र बैलगाडीची गती मंद असल्याने चाकातील असा लहानसहान दोष आजवर निभावून जात असे.

आता काळ पालटला आहे. हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी वाहतुकीस खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी अखेरचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग पूर्ण झाला. हा मार्ग वर्धा जिल्ह्यातून सुमारे ६० किलोमीटर जातो. येळाकेळी आणि विरूळ येथून जिल्ह्यातील वाहनांना त्यावर प्रवेश मिळतो. सपाट प्रदेशात मोटारींना तेथे ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. ज्या गाडीचे चाक कालपर्यंत गावरस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने फिरत होते, तेच चाक आज तिप्पट वेगाने आणि तासन् तास अखंड फिरू लागले आहे. अशा वेळी चाकाचा तोल हा विषय केवळ कारागिरांचा न राहता, गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाचा झाला आहे. त्याची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

तोल म्हणजे काय?

एक साधा प्रयोग घरच्या अंगणात करून पाहता येईल. सायकल उलटी करून ठेवावी आणि पुढचे चाक हलकेच फिरवून सोडून द्यावे. चाक थांबताना थोडे पुढेमागे झुलते आणि बहुधा एकच ठिकाण पुनःपुन्हा खाली येऊन स्थिरावते. ते ठिकाण चाकाची जड बाजू होय. हवा भरण्याचा व्हॉल्व्ह वा आऱ्यांना अडकविलेला परावर्तक त्याच अंगास असल्याचे अनेकदा आढळून येईल. जड बाजूच्या नेमक्या समोर तेवढेच वजन बांधले तर चाक कोठेही थांबू शकते. कावडीच्या दोन्ही टोकांस सारखे पाणी असले म्हणजे ती खांद्यावर स्थिर राहते, तसाच हा प्रकार आहे. या तोलास स्थिर तोल म्हणतात.

मोटारीचे चाक मात्र सायकलीच्या चाकासारखे अरुंद नसते. त्याला रुंदी असते. त्यामुळे एक दुसराही दोष संभवतो. समजा, चाकाच्या आतील कडेला वरच्या बाजूस थोडे अधिक वजन आहे आणि बाहेरील कडेला, त्याच्या विरुद्ध म्हणजे खालच्या बाजूस, तेवढेच अधिक वजन आहे. असे चाक स्थिर असताना तोललेले भासेल, कारण वर आणि खाली वजन सारखेच आहे. पण ते वेगाने फिरू लागले की आतील वजन एका दिशेने आणि बाहेरील वजन दुसऱ्या दिशेने ओढ घेते. परिणामी चाक डोलू लागते आणि ते डोलणे स्टेअरिंगद्वारे हातांना जाणवते. हा दोष चाक फिरविल्याखेरीज कळत नाही. म्हणूनच मोटारीच्या चाकाचा तोल यंत्रावर फिरवून पाहावा लागतो आणि आतील व बाहेरील अशा दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे वजने लावावी लागतात.

नव्या गाडीच्या किंवा नव्या टायरच्या बाबतीत तोलाची गरज काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. टायर हा रबर, दोरे आणि तारा यांचे थर एकावर एक चढवून तयार होतो. कितीही काळजी घेतली तरी त्याची जाडी सर्वत्र अगदी सारखी राखणे शक्य नसते. रिमही तंतोतंत सारखी नसते. त्यामुळे तोल हा चाकात उपजत नसतो, तो जुळवावा लागतो. पुढे टायर झिजतो, पंक्चर काढताना तो रिमवरून उतरून पुन्हा बसतो, खड्ड्यात आदळून रिम किंचित वाकते. प्रत्येक वेळी जुळविलेला तोल थोडा ढळतो.

वेगाचा हिशेब

तोल ढळल्याने किती फरक पडतो, हे आकड्यांनी पाहणे उद्बोधक ठरेल. एका साधारण मोटारीचे चाक मध्यापासून ३० सेंटिमीटर त्रिज्येचे आहे आणि त्याच्या कडेला एका जागी ३० ग्रॅम अधिक वजन आहे, असे धरू. ३० ग्रॅम म्हणजे दहा रुपयांची सुमारे चार नाणी. एवढ्याशा वजनाची चाकावर पडणारी बाहेरची ओढ वेगानुसार पुढीलप्रमाणे येते. बैलगाडीच्या चालीने, म्हणजे ताशी ४ किलोमीटरने, ती सुमारे १३ ग्रॅम वजनाएवढी असते. ताशी ६० किलोमीटरला ती सुमारे २ किलो ८०० ग्रॅम होते. ताशी १२० किलोमीटरला ती ११ किलोंहून अधिक होते, म्हणजे जवळजवळ पाण्याने भरलेल्या कळशीएवढी.

वेग दुप्पट झाला तर ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते, हे येथे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. शिवाय ही ओढ एका जागी राहत नाही. ताशी १२० किलोमीटर वेगाने असे चाक सेकंदाला १७ हून अधिक फेरे घेते. म्हणजे ती भरलेली कळशी सेकंदाला सतरा वेळा चाकाला वर उचलू पाहते आणि सतरा वेळा रस्त्यावर दाबते. नागपूरहून समृद्धी महामार्गाने दुसऱ्या टोकाच्या आमणेपर्यंत जाताना अशा चाकाचे पावणेचार लाखांच्या आसपास फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात बसणारा हा धक्का बेअरिंग, शॉक ॲब्सॉर्बर, स्टेअरिंगचे सांधे आणि टायर यांनाच सोसावा लागतो.

थरथर नाहीशी होते तेव्हा

जिल्ह्यातील एका लहानशा गॅरेजात काही वेळ बसण्याचा योग आला. एक चालक आपली गाडी घेऊन आला होता. त्याचे म्हणणे असे की, ऐंशी-नव्वदला स्टेअरिंग थरथरते, पण त्यावर त्याने स्वतःच उपाय शोधला आहे. "शंभराच्या वर नेली का थरथर जाते जी," असे त्याने सांगितले. वयस्क मिस्त्रींनी मान हलविली आणि शांतपणे म्हटले, "थरथर जात नाही भाऊ, ती फक्त तुमच्या हातापर्यंत येत नाही."

मिस्त्रींच्या या एका वाक्यात मोठे शास्त्र आहे. झोपाळ्याला योग्य वेळी हलका धक्का दिला तर त्याचा झोका वाढत जातो. अवेळी दिलेल्या धक्क्याने तो तेवढा वाढत नाही. गाडीच्या चाकाचा आणि त्याला पेलणाऱ्या स्प्रिंगांचा असाच एक स्वतःचा ताल असतो. अनेक मोटारींत ताशी ७० ते १०० किलोमीटरच्या दरम्यान चाकाचे फेरे त्या तालाशी जुळतात आणि थरथर ठळकपणे जाणवते. वेग त्यापुढे गेला की ताल चुकतो आणि थरथर मावळल्यासारखी वाटते. पण वरील हिशेबानुसार चाकावरील ओढ तर वाढलेलीच असते. चालकाला मिळणारी सूचना मात्र बंद होते. थरथर चुकविण्यासाठी वेग वाढविणे म्हणजे दारावर थाप पडत असता कानांत बोळे घालून बसण्यासारखे आहे.

यंत्र काय सांगते?

तोल साधण्याचे यंत्र आता जिल्ह्याच्या ठिकाणी आणि मोठ्या गावांत टायरच्या दुकानांतून दिसते. 'व्हील बॅलन्सिंग' या नावाने ते काम सर्वांना परिचित आहे. चाक गाडीवरून काढून यंत्राच्या दांड्यावर, मधल्या छिद्रात शंकू बसवून, नेमके मध्यभागी आवळतात. रिमचा व्यास, रुंदी आणि यंत्रापासूनचे अंतर ही तीन मापे यंत्राला देतात. चाक फिरते, थांबते आणि आतील व बाहेरील बाजूस किती ग्रॅम वजन कोठे लावावे, हे दोन आकड्यांत दिसते. वजने लावल्यानंतर चाक पुन्हा फिरवावयाचे असते. दोन्हीकडे शून्य दिसले म्हणजेच काम पूर्ण झाले. हे दुसरे फिरविणे अनेकदा घाईत गाळले जाते. ग्राहकाने यंत्राजवळ उभे राहून ते शून्य स्वतः पाहून घ्यावे. त्यात कारागिराचा अवमान नाही.

एखाद्या चाकाला यंत्र ५०-६० ग्रॅमहून अधिक वजन मागू लागले, तर तेवढ्या पट्ट्या चिकटवून मोकळे होणे योग्य नव्हे. टायर रिमवर नीट बसला नसेल, रिम वाकली असेल किंवा आत चिखल असेल. अशा वेळी टायरमधील हवा काढून तो रिमवर अर्धा फेरा फिरवून बसविल्यास मागणी पुष्कळदा निम्म्यावर येते. त्याचप्रमाणे जुनी वजने काढल्याशिवाय त्यांच्या जोडीला नवी लावू नयेत. आधीच्या चुकीवर नवी दुरुस्ती रचली जाऊन शेवटी कोणते वजन कशासाठी आहे, हेच कळेनासे होते.

चिकटविण्याच्या वजनांची रीत

लोखंडी रिमच्या कडेला ठोकून बसविण्याची वजने आपल्या परिचयाची आहेत. अलीकडे पुष्कळ मोटारींना ॲलॉय रिम असते. ठोकलेल्या वजनाने तिच्या कडेवर ओरखडे पडतात, आणि कित्येक रिमांना तशी कडच नसते. म्हणून पाठीमागे चिकटपट्टी असलेली वजने वापरतात. ५ व १० ग्रॅमच्या छोट्या तुकड्यांची ती एक पट्टी असते. हवे तेवढे तुकडे तोडून ते रिमच्या आतील सपाट भागावर चिकटवितात. बाहेरून ती दिसत नाहीत, एवढेच नव्हे, तर पडली तरी दिसत नाहीत. म्हणून ती बसविण्याची रीत काटेकोर असावी लागते.

पहिली गोष्ट स्वच्छतेची. वर्धा जिल्ह्यातील काळी माती कापसाला जशी मानवते, तशी चाकाला मानवत नाही. पावसाळ्यात शेतरस्त्याने गेलेल्या गाडीच्या रिमच्या आत या मातीचे गोळे बसतात आणि वाळून घट्ट होतात. मूठभर वाळलेली माती सहज शंभर ग्रॅमच्या वर भरते. गावाहून परतताना गाडी एकाएकी थरथरू लागली, तर प्रथम चाके आतून धुवावी. कित्येकदा तेवढ्यानेच काम भागते. माती न काढता यंत्रावर तोल जुळविला, तर ती पुढे गळून पडताच तोल बिघडतो आणि दोष मात्र कारागिराच्या माथी येतो.

दुसरी गोष्ट जागा तयार करण्याची. जुन्या पट्टीचा गोंद संपूर्ण खरवडून काढावा. जागा तेल, ब्रेकची काळी भुकटी आणि ओल यांपासून मुक्त करावी व कोरडी होऊ द्यावी. चिकटपट्टीवरील कागद काढल्यानंतर त्या भागास बोट लावू नये, कारण बोटाच्या तेलकटपणानेही पकड कमी होते. पट्टी जागेवर ठेवून प्रत्येक तुकडा अंगठ्याने काही सेकंद घट्ट दाबावा. रिमच्या गोलाईप्रमाणे पट्टी आधी किंचित वाकवून घेतली तर तिची टोके उचलली जात नाहीत. चाक गाडीवर चढविल्यावर हाताने एक फेरा देऊन पट्टी ब्रेकच्या भागाला घासत नाही ना, हे पाहावे.

तिसरी गोष्ट वेळ देण्याची. चिकटपट्टीची पकड लावताक्षणी पुरी नसते. तिचा बहुतांश जोर पहिल्या एका दिवसात येतो आणि पूर्ण पकड येण्यास सुमारे तीन दिवस लागतात. त्या पहिल्या दिवशी जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने चाके धुऊ नयेत. लांबच्या प्रवासास निघावयाचे असेल, तर तोलाचे काम निघण्याच्या तासाभर आधी न करता एक-दोन दिवस आधी उरकावे. विदर्भाच्या उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांपुढे जाते आणि ब्रेकची उष्णता त्यात भर घालते. जागा नीट साफ न करता, घाईने लावलेली पट्टी अशा तापात टिकण्याची शाश्वती नसते.

शिशाचा प्रश्न

पूर्वी तोलाची वजने प्रामुख्याने शिशाची असत. शिसे जड आहे, मऊ आहे आणि रिमच्या गोलाईवर सहज वळते. परंतु ते विषारी आहे. रस्त्यावर पडलेले वजन चाकांखाली चुरडून त्याची धूळ होते आणि ती माती व पाण्यात मिसळते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा अनिष्ट परिणाम होतो, हे आता निर्विवाद सिद्ध झाले आहे. या कारणास्तव युरोपीय संघाने २००५ पासून मोटारींना शिशाची वजने लावणे बंद केले. त्यांची जागा पोलाद आणि जस्त यांच्या वजनांनी घेतली. पोलाद शिशाहून हलके असल्याने तेवढ्याच ग्रॅमची पट्टी थोडी मोठी दिसते, इतकाच फरक. त्याने तोलात काही उणे येत नाही.

गॅरेजात काम करणाऱ्या तरुणांनी आणि त्यांच्या मालकांनी येथे विशेष काळजी घ्यावयास हवी. जुनी वजने काढल्यावर हात साबणाने धुतल्याखेरीज डबा उघडू नये. काढलेली शिशाची वजने एका डब्यात जमवून भंगार म्हणून रीतसर द्यावीत. ती चुलीवर वितळविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण त्या वाफा आणि धूळ घरातल्या माणसांच्याच शरीरात जातात. दुकानदाराकडे पोलादाची किंवा जस्ताची वजने मागून घेणे, हे ग्राहकालाही सहज शक्य आहे.

तोल आणि टायर फुटणे

महामार्गावरील अपघाताची बातमी आली की, टायर फुटला, एवढ्या दोन शब्दांत कारणाचा निकाल लावण्याची आपल्याला सवय झाली आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ एका खासगी प्रवासी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यांत वर्धा जिल्ह्यातील प्रवासीही होते. प्रारंभी टायर फुटल्याचे सांगितले गेले, पण परिवहन अधिकाऱ्यांच्या अहवालात त्यास आधार मिळाला नाही. या घटनेपासून घ्यावयाचा बोध असा की, प्रत्येक दुर्घटनेचे खापर चाकावर फोडू नये. चालकाची झोप, विश्रांती आणि वेगाचा संयम यांची जागा कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही.

तोलाच्या बाबतीतही अतिशयोक्ती नको. केवळ तोल नाही म्हणून टायर फुटतो, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. टायर फुटण्याची मुख्य कारणे कमी हवा, अतिरिक्त भार, जुने व तडकलेले रबर आणि आतील इजा ही होत. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो, दबताना तापतो आणि तापून कमकुवत होतो. तोल ढळलेले चाक टायर जागोजागी विषम झिजविते, सांधे ढिले करते आणि पुढील दोषांना वाट मोकळी करून देते. एक गोष्ट मात्र उलट बाजूने खरी आहे. नव्याने सुरू झालेली थरथर नेहमीच तोलाची असते असे नाही. टायरला आलेला फुगवटा किंवा सैल झालेले नटही तशीच थरथर निर्माण करतात. म्हणून थरथर ही प्रथम तपासणीची सूचना मानावी. तिची हयगय केल्यास प्रसंग जिवावर बेतू शकतो.

'अलाइनमेंट' आणि 'बॅलन्सिंग' यांतील भेदही ध्यानी ठेवावा. सरळ रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढत असेल तर चाकांची दिशा तपासावी. ठरावीक वेगाला थरथर येत असेल तर तोल तपासावा. थरथर स्टेअरिंगमध्ये जाणवल्यास दोष बहुधा पुढच्या चाकांत असतो, आणि बैठकीत जाणवल्यास मागच्या.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

नवा टायर बसविला, पंक्चरसाठी टायर रिमवरून उतरविला किंवा मोठ्या खड्ड्यात चाक आदळले, तर तोल तपासून घ्यावा. एरव्ही ५ ते १० हजार किलोमीटरच्या अंतराने ही तपासणी पुरेशी होते. महामार्गावर जाण्यापूर्वी, चाके थंड असताना, गाडीच्या दारावर किंवा पुस्तिकेत दिलेल्या मापानुसार हवा भरावी. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून कमी उरली असल्यास तो टायर कायद्यानेही वापरण्याजोगा राहत नाही. महिन्यातून एकदा रिमच्या आतील बाजूस नजर टाकावी. जेथे गोंदाचा चौकोनी डाग दिसतो पण पट्टी दिसत नाही, तेथील वजन गळून पडले आहे असे समजावे.

२०२३ साली परिवहन विभागाने समृद्धी महामार्गाच्या प्रवेशद्वारांवर वाहनांचे टायर तपासून झिजलेले टायर असणाऱ्यांना समज देण्याची मोहीम हाती घेतली होती. अशी तपासणी आवश्यक आहेच. पण प्रवेशद्वारावरील अधिकाऱ्याला टायरची नक्षी दिसते, स्टेअरिंगमधील थरथर दिसत नाही. ती फक्त चालकाच्या हातांना कळते. 'एमएच ३२' क्रमांकाची आपली गाडी येळाकेळीहून महामार्गावर चढविताना प्रत्येक चालकाने आपल्या हातांचे हे म्हणणे ऐकावे. चातीचा डोल ऐकून वेळीच हात थांबविणाऱ्या सूतकताईकारांचा हा जिल्हा आहे. तेथे वेळीच थांबल्याने सूत वाचत असे. येथे गाडीत बसलेली माणसे वाचतील.